ळ कशाचा?

बऱ्हाणपुरास राजघाटाच्या पायऱ्यांवर बसले म्हणजे, पाणी ओसरले असता, तापीच्या पात्रात एक दगडी हत्ती दिसतो. इ. स. १६१० च्या सुमारास ह्या गावी आलेला इंग्रज प्रवासी विल्यम फिंच ह्याने नदीतील अशा हत्तीचा उल्लेख केला आहे. तो इतका हुबेहूब घडविला होता की, पाणी प्यावयास आलेला एक जिवंत हत्ती त्याच्यावर चाल करून गेला आणि आपले दोन्ही दात मोडून बसला, अशी हकिकत फिंचने नोंदविली आहे. ती खरी असो, वा घाटावरच्या लोकांनी परक्या पाहुण्यास रंगवून सांगितलेली असो. तिच्यातील बोध आम्हांस अलीकडे फार उपयोगी पडला. प्रतिमेलाच मूळ वस्तू समजून तिच्यावर धडक देणाऱ्या त्या प्राण्यास आम्ही पूर्वी हसत असू. घरी पाच वर्षांच्या मुलीस अक्षरे शिकवू लागल्यावर तो हत्ती आपणच आहो, हे आमच्या ध्यानी आले.

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. आमच्या कन्येने पाण्यात बोट बुडवून घाटाच्या पायरीवर एक मोठा ह काढला आणि खड्या आवाजात सांगितले, "ह हाथी का." शेजारी बसलेल्या आमच्या मातुःश्री म्हणाल्या, "हत्तीचा म्हन, माय." मुलीने क्षणभर विचार केला आणि "हत्ती का" असा तडजोडीचा निवाडा दिला. आम्ही वकिलीचा धंदा करतो. तडजोडीने मिटलेल्या दाव्यात दोन्ही पक्ष थोडेथोडे हरलेले असतात, हे आम्हांस चांगले ठाऊक आहे. पुढे कामानिमित्त भुसावळास जाणे झाले तेव्हा तेथील बाजारातून एक मराठी अंकलिपी विकत आणली. प्रस्तुत लेख हे त्या अंकलिपीचे परीक्षण आहे. अमुक एका प्रकाशकाच्या पुस्तकाचे नव्हे, तर अंकलिपी ह्या वाङ्मयप्रकाराचेच. ज्या पुस्तकाने आपल्यापैकी बहुतेकांच्या वाचनाचा ओनामा झाला, त्याचे परीक्षण करण्याचे कष्ट कोणी घेत नाही. महाकाव्यावर टीका लिहिणाऱ्यांची उणीव नाही. पण महाकाव्य वाचणारा ज्या दाराने आत येतो त्या दाराची बिजागरी कोणी तपासत नाही.

आमच्या गावची परिस्थिती थोडी सांगितली पाहिजे. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि त्या प्रांतात हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषा नांदत होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली; नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि बऱ्हाणपूर मध्यप्रदेशात राहिले. २००३ साली ते खंडवा जिल्ह्यातून निघून स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. सीमेपलीकडे रावेर, पलीकडे जळगाव. नातीगोती, सोयरिकी, केळीच्या बागा ह्या बाजूस तशा त्याही बाजूस. मात्र मुलांची शाळा बहुधा हिंदी, वा अलीकडे इंग्रजी. ह्यात आम्ही कोणास दोष देत नाही. परंतु ह्या परिस्थितीतून एक गोड गैरसमज निर्माण झाला आहे, आणि तो आमच्यासारख्या शिकल्यासवरल्यांच्या घरी अधिक आहे. तो असा की, हिंदी आणि मराठी ह्या दोहोंची लिपी एकच, तेव्हा मुलगा शाळेत हिंदी वाचावयास शिकला की मराठी वाचन त्यास आपोआप आलेच. तमिळ किंवा बंगाली आईबापांस असा भ्रम होणे शक्य नाही. त्यांची लिपीच त्यांना जागे ठेविते. आम्हांस मात्र आमच्या लिपीने निजविले.

आता प्रत्यक्ष पुस्तकाकडे वळू. अंकलिपीचे गुण प्रथम सांगणे न्यायाचे होईल. एवढ्या थोड्या किमतीत आणि एवढ्या थोड्या पानांत स्वर, व्यंजने, बाराखडी, अंक, पाढे, वार, महिने व ऋतू सामावणारे दुसरे पुस्तक नाही. तिच्यातील वर्णांची मांडणी ही आपल्या पूर्वजांच्या बुद्धीची मोठीच कमाई होय. क पासून म पर्यंतची पंचवीस व्यंजने म्हणजे मुखाचा नकाशा आहे. कंठापासून निघून तालू, मूर्धा, दात असे टप्पे घेत आपण ओठांशी पोहोचतो, आणि प्रत्येक टप्प्यावर कठोर, मृदू व अनुनासिक ह्यांचा क्रम पाळला जातो. शिवाय क ह्या अक्षराचे नाव क हेच आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मुलास अक्षराचे नाव निराळे आणि नाद निराळा असा दुहेरी बोजा वाहावा लागतो. आपले मूल त्यातून पुष्कळसे सुटले आहे.

पुष्कळसे, सर्वस्वी नव्हे. 'क कमळाचा' हे सूत्र पाहा. ते कानाला गोड आहे, चित्राशी जोडलेले आहे, आणि शब्दाच्या पहिल्या नादाकडे मुलाचे लक्ष वेधते. पण हे सूत्र ण आणि ळ ह्यांपाशी येऊन अडखळते. कारण मराठीत ह्या नादांनी आरंभ होणारा शब्दच नाही. मग अंकलिपी 'ण बाणाचा', 'ळ बाळाचा' असे म्हणून वेळ मारून नेते. आतापर्यंत मुलास पहिला नाद ऐकावयास शिकविले होते. येथे काही एक सूचना न देता अखेरचा नाद ऐकण्याची अपेक्षा केली जाते. आमच्या मुलीने विचारले, "ब बदकाचा, मग ळ बाळाचा कसा? बाळ तर ब चा." हा आक्षेप कोणत्याही न्यायालयात ग्राह्य धरला जाईल. शाळेतील तिची हिंदी पोथी अधिक सरळ वागते: ङ आणि ञ ह्यांस शब्द सापडला नाही की तेथे मुले 'खाली' म्हणतात, म्हणजे रिकामा. ळ हे अक्षर त्या पोथीत नाहीच.

ह्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. मराठीत च, ज, झ ह्यांचे उच्चार दोन-दोन आहेत. लिहावयास अक्षर मात्र एकेकच. चार म्हणजे चारची संख्या, तिचा च तालूचा. 'गाईला चार' ह्यातील च दातांचा. जग म्हणजे विश्व, आणि 'शंभर वर्षे जग' हा आशीर्वाद. अक्षरे तीच, जिभेची जागा वेगळी. चूल, चोर, चाक, झाड ह्या घरच्या शब्दांत दंत्य नाद आहेत; चंद्र, चित्र, चिंच ह्यांत तालव्य. हिंदीत हा भेद नाही, म्हणून शाळेत तो शिकविला जाणे शक्य नाही. मराठी अंकलिपी तरी शिकविते काय? तीही नाही. आणि गंमत अशी की, अंकलिपीची ओळ न् ओळ 'चा' ने संपते: कमळाचा, गवताचा, घराचा. तो 'चा' दंत्य आहे. 'ची' आणि 'चे' तालव्य आहेत. म्हणजे जो नाद मूल ह्या पुस्तकात पानोपानी उच्चारते, नेमका तोच नाद हे पुस्तक शिकवीत नाही. ज्या घरी सर्वजण मराठी बोलतात तेथे हे चालून जाते. कारण पुस्तकाची उणीव घर भरून काढते. आमच्यासारख्या सीमेवरील घरांत मूल 'कमळाचा' मधील च 'चाचा' मधल्यासारखा उच्चारते, आणि आपण कौतुकाने म्हणतो, 'वा, वाचता आले!'

वाचता आले हे खरेच. पण काय वाचता आले? येथे आम्हांस स्वतःचा एक अपराध कबूल करावयाचा आहे.

अंकलिपीत केळीचे चित्र होते. मुलीने खालची अक्षरे लावली आणि वाचले, 'केली'. ळ तिला अनोळखी. ल च्या जवळचे काहीतरी असावे असा तिचा अंदाज. आम्ही गमतीने तिला वाक्य दिले: 'आईने केळ्यांची कोशिंबीर केली.' केळी आणि केली ह्यांत केवढे अंतर आहे, हे दाखवावयाचे होते. तेवढ्यात मातुःश्री पुढे झाल्या आणि बोट ठेवून म्हणाल्या, "केयी." त्यांच्या बोलीत ळ च्या जागी य येतो, डोळा तो डोया, काळा तो काया. आम्ही चटकन म्हणालो, "आई, तू राहू दे. तिला शुद्ध शिकू दे."

त्या काही बोलल्या नाहीत. परंतु त्या दिवसापासून नातीशी बोलताना त्या जपून बोलू लागल्या. गोष्ट सांगता सांगता ळ असलेला शब्द आला की अडखळत. पुढे पुढे गोष्टच आखूड होऊ लागली. आणि एके रात्री मुलगी आमच्याकडे येऊन हिंदीत म्हणाली की, आजीला आता गोष्टी येत नाहीत. एक अक्षर शिकविण्याच्या भरात आम्ही घरातील मराठीचा झराच बुजवीत होतो. दगडी हत्तीस धडक बसली होती, आणि दात आमचे मोडले होते.

ज्या बोलीस आम्ही अशुद्ध म्हटले, तिची योग्यता आम्हांस ठाऊक नव्हती असे नाही. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलाने व नातलगाने टिपून ठेविल्या, आणि १९५२ साली 'बहिणाबाईची गाणी' प्रसिद्ध झाली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने मान तुकविली. त्या गाण्यांतही ळ च्या जागी य आहे. छापील पानावर ज्या य चे आम्ही कौतुक करतो, तोच य आपल्या आईच्या तोंडी ऐकून आम्ही ओशाळलो. पुस्तकी संस्काराचा हा विपरीत परिणाम होय. आणि अंकलिपी त्यास जबाबदार नाही असे म्हणवत नाही. कारण नाद अक्षरातून निघतो अशी समजूत ती नकळत करून देते. वस्तुतः क्रम उलटा आहे. ताबा आधी असतो, दस्तऐवज मागून होतो. नाद हा ताबा. अक्षर हा त्याचा दस्तऐवज. ताबा सुटल्यावर नुसता कागद हाती धरून बसणारे अशील आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

आता लेखनाविषयी. नादांसाठी वर्णमालेचा क्रम उत्तम. हातासाठी तो तितका सोयीचा नाही. क हे पहिले व्यंजन खरे, परंतु हाताला ते कठीण: दंड, डावीकडची वाटी आणि उजवीकडची शेपटी. म्हणूनच मराठी शाळांत 'ग म भ न' हा आकारांच्या सारखेपणावर आधारलेला क्रम पुष्कळ वर्षे रूढ आहे. व आला की पोटात रेघ मारून ब, आणि शेपटी काढून क. प वरून ष आणि फ. म्हणजे मुखाचा क्रम एक आणि हाताचा क्रम दुसरा. दोन्ही खरे आहेत, आणि शहाणा शिक्षक दोहोंची सरमिसळ करीत नाही. अंकलिपी मात्र मुखाच्या क्रमाने हाताला चालविते. वर ठिपक्यांची अक्षरे देऊन ती गिरवावयास सांगते. ठिपके जोडणे म्हणजे लिहिणे नव्हे. आमची मुलगी ग चा दंड आधी, तोही खालून वर काढी, आणि मग डावीकडची वेलांटी जोडी. कागदावर अक्षर निर्दोष दिसे. हाताची चाल मात्र सर्वस्वी उलटी. पुढे वेगाने लिहिण्याची वेळ येते तेव्हा हीच चाल अक्षर बिघडविते. म्हणून लहान मुलाचे लिहिलेले अक्षर पाहू नये. लिहिताना त्याचा हात पाहावा.

ह्याकरिता घरात साधनांची वाण नाही. फरशीवर खडूने काढलेले वीतभर अक्षर, ताटातील रांगोळीत बोटाने ओढलेली रेघ, घाटाच्या पायरीवरचे ओले अक्षर. ह्यांत हात खांद्यापासून हलतो आणि चूक वाळून नाहीशी होते. शेवया वळणाऱ्या, लाडू वळणाऱ्या आजीशेजारी बसून मूल जे काही वळते, त्याने पेन्सिल धरणारी तीच बोटे तयार होतात. आपल्या भाषेने शेवयांस, अक्षरास आणि मुलाच्या वागणुकीस 'वळण' हा एकच शब्द ठेविला आहे, तो उगाच नव्हे. समर्थ रामदासांनी दासबोधात एक संपूर्ण समास लेखनक्रियेस दिला. इतके हे काम आपल्या परंपरेत मानाचे होते. आणि मोडीच्या जोडीला जी लिपी आपण वापरीत होतो तिचे नाव बाळबोध. बाळासही बोध व्हावा अशी. नावाप्रमाणे वागण्याची जबाबदारी आता आपली.

शिरोरेषेचा एक उपयोग आम्हांस अनुभवाने सापडला तो नमूद करतो. क, म, ळ अशी तीन अक्षरे सुटी काढताना मूल तीन पूर्ण नाद उच्चारते, आणि प्रत्येकात अ मिसळलेला असतो. शेवटी तिन्हींवरून एकच रेघ ओढावी आणि ओढता ओढता सबंध शब्द म्हणावा: कमळ. अखेरचा अ त्या रेघेबरोबर आपोआप गळून पडतो. रेघ म्हणजे शब्दाचा श्वास, हे मुलास न सांगता कळते.

हिंदी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हातात आणखी दोन अडचणी असतात. हिंदीतील ल उजव्या दंडाला टेकलेला; मराठीतील ल दोन पाकळ्यांचा. श चेही वळण निराळे. ज्ञ तर दिसावयास एक, पण हिंदीत त्यात ग ऐकू येतो, मराठीत द. आम्ही मुलीस शाळेची वळणे चुकीची म्हणून सांगितले नाही. शाळेचा ल आणि घरचा ल असे दोन ल तिने ठेविले आहेत, जशी शाळेची चप्पल आणि घरची चप्पल. मुलांना दोन गोष्टींचा भार होत नाही. दोहोंतील एक खोटी आहे असे सांगितल्याचा भार होतो.

कान आणि हात आधी, पुस्तक मागून, हा विचार आमचा नव्हे. मारिया माँतेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये काढलेल्या बालगृहात खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुले बोट फिरवीत आणि त्याच वेळी नाद उच्चारीत. त्यांना लिहिणे वाचण्याच्या आधी आले. भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. ते आमच्याच धंद्यातले; स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची चिंता त्यांना वकिलीतून बालशिक्षणाकडे घेऊन गेली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक ह्यांनी हे कार्य पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे नेले, आणि अनुताई वाघ ह्यांच्या साहाय्याने आदिवासी पाड्यांतील अंगणांतच बालवाडी भरविली. महागडी साधने बाजूस सारून त्यांनी पाने, बिया, शंख, खडे ह्यांवर भागविले. ह्या साऱ्या उद्योगाची दखल अंकलिपीने घेतलेली नाही. चित्रे रंगीत झाली, कागद गुळगुळीत झाला. सूत्र मात्र होते तेथेच आहे.

ह्या मासिकाच्या कोंकणी वाचकांस हा प्रश्न आमच्याहून अधिक जवळचा वाटेल. एकाच देवनागरीत दोन भाषा वाचणारी घरे गोव्यात जागोजाग आहेत. कोंकणीतही च आणि ज दुहेरी आहेत, ळ आहे. शिवाय ए आणि ओ ह्यांचे उघडे व मिटलेले असे दोन उच्चार आहेत, आणि देवनागरी त्यांस एकेकच चिन्ह देते. अनुस्वाराचे उदाहरण तर बोलके आहे. मराठीत पुष्कळ अनुस्वार उच्चारात राहिले नव्हते, म्हणून १९६२ च्या लेखननियमांनी ते काढून टाकले. कोंकणीतील 'हांव', 'तूं', 'म्हजें' ह्यांवरचा बिंदू मात्र नाकातून स्पष्ट ऐकू येतो. मराठी अंकलिपीवर वाढलेल्या कोंकणी मुलास तो बिंदू शोभेचा वाटला, तर दोष त्याचा नव्हे. १९८७ साली कोंकणी गोव्याची राजभाषा झाली, १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. ह्या मोठ्या गोष्टी खऱ्या. परंतु त्या बिंदूचा नाद मुलाच्या नाकात कोण घालणार? अनुसूची नव्हे, आई.

कायद्याचे म्हणावे तर आमच्यासारख्यांसाठीही तरतूद आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आले. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे त्यात म्हटले आहे. २००९ च्या अधिनियमाने सहा ते चौदा वर्षांच्या बालकास मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण नाद कानात बसतात ते सहाव्या वर्षाच्या पुष्कळ आधी. तेवढा काळ बालकावर अधिकारक्षेत्र घराचेच; तेथे ना अपील, ना पुनर्विलोकन.

निष्कर्ष सांगावयाचा तर असा. अंकलिपी टाकून देण्यासारखी नाही. तिची जागा बदलली पाहिजे. ती पहिले पुस्तक म्हणून मुलाच्या हाती देऊ नये. पहिली शिदोरी म्हणून पालकाने आपल्याजवळ ठेवावी. सीमेवरील मुलांसाठी जो कोणी नवी अंकलिपी करील, त्याने प्रथम काही पाने केवळ ऐकण्याची ठेवावी, ज्यांत चित्रे असतील, अक्षरे नसतील. दंत्य च-ज-झ ह्यांना निदान शिकविण्यापुरता खाली एक टिंब द्यावा. ळ आणि ण शब्दाच्या अखेरीस ऐकावयाचे आहेत, हे मोकळेपणाने सांगावे. लेखनाची पाने हाताच्या क्रमाने निराळी बांधावी. आणि एका पानावर आजीच्या बोलीतील शब्द लिहावयास जागा कोरी ठेवावी. प्रमाण भाषा शिकविण्याच्या विरुद्ध आम्ही नाही. ती शिकविताना साक्षीदाराचे तोंड बंद करू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या त्या कारागिरांस एका भिंतीवर दोन लिप्या नांदविण्यात संकट वाटले नाही. मग आमच्या घरातील एका शब्दाचे तीन उच्चार आम्हांस का जड व्हावे? मातुःश्रींची आम्ही क्षमा मागितली. त्यांनी ती दिली की नाही ते समजले नाही, कारण त्या केवळ हसल्या. परंतु त्या रात्रीची गोष्ट लांबली.

परवा पुन्हा राजघाटावर गेलो. मुलीने ओल्या बोटाने पायरीवर ळ काढला, दोन वाटोळ्या पोटांचा, थोडा कलंडलेला. आम्ही विचारले, "ळ कशाचा?" ती म्हणाली, "केळीतला. शाळेत केला म्हणतात, पुस्तकात केळी लिहितात, आणि आजी केयी देते." मातुःश्रींनी पिशवीतून केळे काढून तिच्या हाती ठेविले. ऊन होते, पायरीवरचे अक्षर पाहता पाहता वाळून गेले.